मधल्या पत्र्याची तीन वाकडी भोकं

तोंड मला नाही, पण भोकं भरपूर आहेत, त्यांतूनच बोलतो. मी एक पत्रा. घरावरचा नव्हे. दोन दारांच्या, बुटक्या, विलायती स्पोर्ट्स गाडीत इंजिन आणि माणसं यांच्या मध्ये एक उभा पत्रा असतो ना, तो मी. शिकलेली माणसं मला फायरवॉल म्हणतात. शहापूरच्या गॅरेजात नुसतं 'मधला पत्रा' म्हणायचे. मला तेच बरं वाटतं.

मधल्याचं जिणं म्हणजे दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीचं जिणं. एका अंगाला इंजिन धगधगतंय, दुसऱ्या अंगाला माणसं कुजबुजतायत. ऐकू नये म्हटलं तरी ऐकू येतं, आणि खरं सांगू, मला ऐकायची हौसही दांडगी. शेठ बायकोवर कधी खेकसले, बाईसाहेब कशावरून रुसल्या, घाटात कोण कुणाला काय बोललं, सगळं माझ्या पाठीशी घडलेलं. पण इकडचं तिकडे मी कधी केलं नाही. आज करणार आहे. कारण ज्याच्या वतीनं बोलायचं, तो स्वतः बोलला तेव्हा कुणी ऐकलं नाही.

जन्म माझा परमुलखातला, थंडीतला. भल्या थोरल्या यंत्राखाली सपाट पत्रा घातला की दणका बसायचा आणि माझ्यासारखे ढिगानं बाहेर पडायचे. डाव्या अंगाला आम्हाला जन्मजात भोकं असत. तिथे काच धुवायच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली अडकवायची. पण त्याच बाजूनं सायलेन्सरचा तापलेला पाइप जायचा. बाटल्या मऊ पडून लोंबायला लागल्या, गिऱ्हाइकं बोंबलायला लागली, आणि एके दिवशी वरून हुकूम आला, की बाटली उजवीकडे घ्या.

हुकूम सोडायला काय लागतं! साचा बदलायला वेळ लागणार, आणि आम्ही काही पत्रे तर आधीच निघून रांगेत उभे. मग एका कामगारानं हातात ड्रिल घेतलं आणि आमच्या उजव्या अंगाला तीन-तीन भोकं पाडत सुटला. जेवायची सुट्टी जवळ आलेली, त्याचं सगळं लक्ष डब्यात. माझी तिन्ही भोकं वाकडी पडली, एक तर चक्क लांबुडकं. डावीकडची रिकामी भोकं रबरी बुचांनी बंद केली, वरून हिरवा रंग मारला, झालं काम. पुढे साचा बदलला तेव्हा नव्या पत्र्यांना उजवीकडेच, पण जरा वर, गोल गरगरीत भोकं आली. कंपनीच्या पुस्तकात चित्रं छापली ती दोनच, आधीचं आणि नंतरचं. मधल्यांचं चित्र कोण काढतंय?

मुंबईच्या एका शेठनं हौसेनं ही गाडी बोटीतून आणवली. हिरवी होती, ती लाल करून घेतली; त्या वेळी उजवीकडची पाण्याची बाटली तडकली ती कायमची गेली. टोकावड्याच्या पुढे, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांनी बंगला बांधला आणि राखणीला वरच्या पाड्यातला एक तरणा गडी ठेवला. बुधवारचा जन्म म्हणून नाव बुधू.

बुधू आधी गाडी धुवायचा, मग पुसायचा, मग शेठनं त्याला चालवायला शिकवली. पहिल्या दिवशी तो अनवाणी पायांनी पेडल दाबत होता. शेठ म्हणाले, "चप्पल घाल रे." तर म्हणतो, "शेठ, पायाला कळाया पायजे ना, गाडी काय बोलते ती." माझ्याच अंगाला त्याचे पाय टेकलेले असत. चिखलानं भेगाळलेले, पण हलके.

बाईसाहेबांना माळशेजच्या वळणांत मळमळायचं. लिंबू हुंगलं की बरं वाटायचं, पण लिंबं पायाखाली घरंगळत. बुधूनं एकदा खिळा आणि हातोडी घेतली आणि त्यांच्या पायाकडच्या कोपऱ्यात, अगदी खाली, माझ्या अंगात एक भोक पाडलं. आधी शेठला विचारून, हे महत्त्वाचं. भोक गोल. कडा कानशीनं घासलेल्या, गंज धरू नये म्हणून बोटानं ग्रीस फिरवलेलं. त्यात तारेचा आकडा बसवून लिंबांची पिशवी अडकवली. बाईसाहेब म्हणाल्या, "बुधू, हे शेठना इतक्या वर्षांत सुचलं नाही बघ." गाडीभर हसू. माझ्या अंगावर बुधूची खूण एवढी एकच.

मग शेठ गेले, मागून बाईसाहेबही गेल्या. बंगल्याला कुलूप लागलं. मुंबईची मंडळी येईनाशी झाली. पण शेडमधल्या गाडीची किल्ली बुधूच्या करगोट्याला तशीच राहिली. त्यानं ताडपत्री घातली, उंदरांसाठी कापूर ठेवला, कडुनिंबाचा पाला ठेवला. दसऱ्याला गाडी धुवून गोंड्याच्या फुलांची माळ घालायचा. त्याची बायको लहानी शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"मला कवा माळ आणलाव? सवतीला बरी दरसाल."

"गप गो. ती बोलत नाय, म्हणून तिची काळजी घ्यावी लागते. तुझं तसं हाय का?"

असे ते दोघं. मी ऐकायचो आणि गंजता गंजता हसायचो.

अशात शेठची नात उगवली, मनस्वी. मुंबईत मोठ्या नोकरीला, पण पोर मायाळू. ताडपत्री काढली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बुधूकाका, तुम्ही एवढं सांभाळलंत?" तिला गाडी पुन्हा उभी करायची होती. कंपनीच्या दारातून निघाली तशीच, प्रत्येक वस्तू त्याच जागी. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा मुंबईत मेळा भरतो, तिथे असलं सगळं बारकाईनं बघतात म्हणे. चांगल्या हातात द्यायला हवी, म्हणाली.

बुधूचा ऊर भरून आला. "माझा पोरगा जगदीश हाय ना. शहापूरला हायवेला गॅरेज हाय त्याचं. पत्र्याचं काम त्याच्यासारखं कुणी करीत नाय, बाय."

ते खोटं नव्हतं. जगदीशच्या हाताला कसब होतं. पण आपल्याकडच्या गॅरेजांची जी रीत, तीच त्याची. गाडी आली की आधी सगळी उघडायची, सगळे नटबोल्ट एकाच डब्यात ओतायचे, रंग पार पत्र्यापर्यंत उतरवायचा आणि रेडऑक्साइड मारून मोकळं व्हायचं. गिऱ्हाइकाला पण वाटतं, व्वा, काम सुरू झालं. जगदीशनं तेच केलं. लाल रंगाखाली हिरवा रंग होता, आणि तो हिरवा माझ्या तीन वाकड्या भोकांच्या आतल्या कडांनाही होता. म्हणजे भोकं आधी, कंपनीचा रंग मागून. तेवढं कुणी वाकून बघितलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण रंग उतरवायचं केमिकल लागलं, हिरवा रंग फेसाळून खाली गळला. वाळलेली रबरी बुचं जगदीशनं स्क्रू ड्रायव्हरनं उपटली आणि कचऱ्यात टाकली. साफसफाई झाली. साक्षीदार संपले.

थोड्या दिवसांनी मनस्वी काम बघायला आली. त्या दिवशी बुधूही आला होता, टोकावड्याहून मुरबाड आणि मुरबाडहून शहापूर, एसटी बदलत. सोबत जगदीशच्या पोरांसाठी करवंदं. एका टायरवर बसून तो माझ्याकडे कौतुकानं बघत होता, जसा आजारी माणसाला भेटायला आलेला नातलग.

मनस्वी मोबाइलमधली चित्रं माझ्याशी ताडून बघत होती. "बाटलीची भोकं डावीकडे आहेत. म्हणजे ही सुरुवातीच्या काळातली गाडी. मग उजवीकडे ही तीन कसली? नंतरच्या गाड्यांना उजवीकडे असतात, पण ती वर असतात, आणि गोल. ही तर कुणीतरी हातानं पाडल्यासारखी वाटतात."

जगदीश वाकला, बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं. लाज आली. ती वाकडी भोकं बघून त्याला आपलं घर दिसलं. तारेनं बांधलेलं दार, खिळ्यानं भोकं पाडून अडकवलेले डबे, ट्यूब कापून केलेले बिजागर. शाळेत पोरं त्याला 'बंगल्यावरच्या गड्याचा पोरगा' म्हणायची, ते दिसलं. आता इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणखी चार हौशी लोकांच्या गाड्या पाठवीन म्हणालेलं. त्याच्यासमोर बापाचा अडाणी हात असा उघडा पडला, असं त्याला वाटलं. मग माणूस करतो तेच त्यानं केलं. दुसऱ्यानं हसायच्या आत स्वतःच हसला.

"मॅडम, आमच्या बाबाला भोकं पाडायची खोडच हाय. घरातली एक भिंत सोडली नाय त्यानं."

कामावरची माणसं फिस्सकन हसली. मनस्वी टायरकडे वळली. "काका, ही तुम्ही पाडलीत का?"

बुधू उठून जवळ आला. डोळे बारीक करून बघितलं. "नाय बाय. मी एक पाडलंय, ते खालचं. तुझ्या आजीच्या लिंबांच्या पिशवीसाठी, शेठला विचारून. ही तीन माझी नाय. ही पयल्यापासून हायत. आन् त्या डाव्या अंगाला रबराची बुचं होती, ती कुठं गेली?"

"बुचं पण तूच लावली असशील, ट्यूब कापून."

"आरं, मी कशाला लावू?"

"बाबा, एक पाडलं म्हणतोस ना? मंग एकाची चार व्हायला किती वेळ लागतो?"

पुन्हा हशा. बघा, माणसाचं कसं असतं. बुधूनं एका भोकाला खरेपणानं हो म्हटलं नसतं, तर बाकीच्या तिन्हींचा आळ त्याच्यावर इतका पक्का बसला नसता. खरं बोलला, आणि त्याच खऱ्याच्या दोरीनं त्याला बांधलं.

मनस्वी मऊ आवाजात म्हणाली, "असू दे काका. मी अजिबात रागावले नाही. इतकी वर्षं झाली, विसरायला होतं माणसाला."

शिव्या दिल्या असत्या तर बुधूनं उलट जबाब दिला असता. पण तिनं माफ केलं. न केलेल्या गुन्ह्याची माफी पदरात पडली की माणसानं काय करावं? तो पुन्हा टायरवर जाऊन बसला. करवंदांची पिशवी मांडीवर तशीच. मी आतल्या आत ठणाणा करत होतो, पण पत्रा बोलतो तो कुणी ठोकला तरच.

भोकं बुजवायचं ठरत होतं. जगदीश म्हणाला, "असली वाकडी बुजवली तर वेल्डिंगचा डाग मागून दिसंल, मॅडम. गोल असती तर येगळं. खालून थोडा गंजलाय पण. आख्खा पत्राच बदलू." मुंबईच्या भंगारातून नंतरच्या काळातल्या गाडीचा एक पत्रा आला. त्याची वरची गोल भोकं भरून टाकली, आणि डावीकडे चित्राबरहुकूम नवी पाडली. मला ग्राइंडरनं कापून काढलं. ठिणग्या उडत होत्या आणि मला एकच कळत नव्हतं. कंपनीतून निघाली तशी गाडी करायची, म्हणून कंपनीनं घातलेला पत्रा काढून टाकतात ही माणसं!

मला गॅरेजच्या मागे टाकलं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. जगदीशला ती सांगायची सवयच लागली. चहा आला की, "आमच्या बाबानं विलायती गाडीला चाळण केली." शहापूरची गोष्ट मुरबाडला गेली, मुरबाडची धसईच्या बाजारात. बुधू तांदूळ घेऊन बाजारात बसला की भाजीवाल्या बाया पदर तोंडावर धरायच्या. एक म्हणाली, "बुधूबाबा, माझ्या टोपलीला एक भोक पाडून दे रं, विलायती." सगळा बाजार हसला. बुधूपण हसला म्हणे. आणि मग पोतं तसंच उचलून घरी आला. ज्या गाडीची किल्ली त्यानं आयुष्यभर कमरेला वागवली, ती नासवणारा म्हणून त्याची ओळख झाली. माणसाजवळ दुसरं होतं काय? ना जमीनजुमला, ना पदवी. 'बुधूच्या हातात दिलं म्हणजे सांभाळलं', एवढंच नाव होतं.

एके दिवशी तो गॅरेजात आला. जगदीश गाडीखाली होता. त्याच्याशी न बोलता मागे गेला आणि मला उचलून काखेत मारलं. मुरबाडच्या एसटीत कंडक्टर बघतच राहिला.

"बाबा, तुमचा प्रवास फुकट हाय, पण ह्या पत्र्याचं तिकीट लागंल."

"लाव. माझ्या नावावर लावलाय त्यांनी, तवा तिकीट पण मीच काढणार."

कंडक्टरला काही कळलं नाही. त्यानं तिकीट फाडलं नाही.

घरी लहानीनं कपाळाला हात लावला. "आता हे कशाला आणलाव? घरात भंगार कमी हाय?"

बुधूनं अंगणात मला दगडावर उताणं टाकलं, खिळा घेतला, हातोडी घेतली. ठण्. आणखी एक. ठण्.

"अवो, काय करताव?"

"भोकं पाडतो."

"कशाला?"

"खोड हाय ना मला. आख्ख्या बाजाराला ठावं हाय, तुलाच ठावं नाय?"

लहानी हसायला गेली आणि त्याचं तोंड बघून थांबली. तो ठोकत राहिला. आधी मोकळ्या जागेत, मग डावीकडच्या भोकांत, मग त्या तीन वाकड्यांत. खिळा घालून, फिरवून, सगळी एका मापाची केली. शेवटी लिंबांच्या भोकावर आला. तिथे हात जरा थबकला. मग तिथेही ठोकलं. मला दुखलं नाही म्हणणार नाही. पण मला मारत नव्हता तो, हे मला कळत होतं.

पावसाळ्यात त्यानं मला वावराच्या बांधाला, पाणी निघायच्या तोंडाशी रोवलं. पाणी माझ्यातून जातं, मासळी अडते. लहानी सकाळी टोपली घेऊन येते.

गाडीचं काय झालं? तिला मेळ्यात ढाल मिळाली. 'कंपनीतून निघाली तशीच' म्हणून! मनस्वीनं काम सुरू होण्याआधीचे आणि नंतरचे सगळे फोटो जगभरच्या हौशी लोकांना मोबाइलवर पाठवले. आणि गाडीच्या जन्ममुलखातल्या एकाचं उत्तर आलं, की हे तुम्ही काय केलंत?

ती आली तेव्हा भात पोटरीला आला होता. जगदीश सोबत, मान खाली. बांधावरच्या चिखलात तिचे बूट रुतत होते.

"काका, माझी चूक झाली. फार मोठी." मोबाइल पुढे केला. "हा त्या माणसाच्या गाडीचा पत्रा. तीच तीन भोकं, त्याच जागी, तशीच वाकडी. कंपनीनंच पाडली होती, बाटलीची जागा बदलताना. अशा थोड्याच गाड्या निघाल्या."

बुधूनं मोबाइलकडे बघितलंही नाही. जगदीशकडे बघितलं. "मी काय सांगितलं होतं?"

"तुझी नाय म्हणून."

"मंग?"

जगदीश अंगठ्यानं चिखल उकरत राहिला.

मनस्वी म्हणाली, "तो पत्रा परत बसवायचाय, काका. तुमच्याकडे आहे असं कळलं."

बुधू बांधाच्या तोंडाशी गेला, वाकला आणि मला उपसून काढलं. वाहत्या पाण्यात धुतलं. मग दोन्ही हातांनी तिच्यापुढे आडवं धरलं. माझ्यातून तिच्या अंगावर उजेडाचे ठिपकेच ठिपके पडले. ती बोट फिरवत राहिली. जगदीश गुडघ्यावर बसून कडा चाचपत राहिला. त्याच्या सराईत बोटांनाही सापडेना.

"काका, यातली ती तीन कुठली?"

"सगळी माझीच हायत, बाय. तुमीच सांगितलाव ना."

पाणी तेवढं मोकळ्या तोंडातून भसाभसा जात होतं. टोपली घेऊन आलेली लहानी म्हणाली, "चहा ठेवते." पण मनस्वी थांबली नाही. बांधावरून जाताना ती दोनदा डोळे पुसताना दिसली.

जगदीश मागे राहिला. "बाबा, मी बाजारात सांगतो समद्यांना. धसईला जातो. माझ्या तोंडानं सांगतो."

"बाजार हसून मोकळा झाला, जगदीश. आता कुणाला सांगतोस? वाट सोड, मासं चाललं."

त्यानं मला पुन्हा रोवलं आणि चिखल दाबला.

मी आता इथेच आहे. अजून एखाददोन पावसाळे टिकेन, मग गंजून मातीत जाईन. गाडीत परत गेलो नाही याचं मला फारसं वाटत नाही. तुम्हाला मात्र हात जोडून सांगणं आहे. जुनं काही दुरुस्तीला काढलंत, तर खरवडायच्या आधी वाकून बघा. आणि त्याच्याजवळ ज्यानं उमर काढली त्याला विचारा. विचारलंत, तर तो नाय म्हणाला की ते नाय म्हणूनच घ्या, आपलं हसू त्यात मिसळू नका.

कारण बुधूनं आता नाय म्हणणंच सोडलंय. परवा बांधावरून जाणाऱ्या कुणीतरी मस्करीत विचारलं, "बाबा, वरच्या रस्त्याला खड्डे पडलेत, ते पण तूच पाडलेस का रं?" बुधू ओंजळीतले मासे टोपलीत सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "हो रे. मीच."